प्रोग्रेसोचा धक्का

प्रोग्रेसो, मंगळवार

ती. अण्णा,


ज्या धक्क्याविषयी तुम्हाला सांगत होते, तो आज डोळे भरून पाहिला. मेक्सिकोतल्या युकातानचा हा किनारा इतका उथळ की मोठं जहाज जवळ येऊच शकत नाही. म्हणून धक्काच कित्येक किलोमीटर समुद्रात गेलाय. त्याचा जुना, कमानींचा भाग क्रिस्टियानी अँड नील्सन या डॅनिश कंपनीने १९३७ ते १९४१ या काळात बांधला. घायपाताचा वाख तेव्हा इथून परदेशी जायचा.

इथली खडी चुनखडीची, सच्छिद्र. खारं पाणी आत मुरणार, हे बांधणाऱ्यांनी गृहीतच धरलं आणि सुमारे २२० टन स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घातल्या. त्या काळात एवढा खर्च करायला छाती लागते!

होडीतून कमानींच्या जवळ गेले. लाटांचं पाणी उडून वाळतं, पुन्हा उडतं, तो पट्टा सगळ्यात वाईट. तिथे खडी उघडी पडलीय, पण सळईच्या रेषेत तडा नाही, तांबूस ओघळ नाही. शेजारी साठच्या दशकात साध्या सळ्यांचा धक्का बांधला होता. त्याचे आता पाण्यातून डोकावणारे खुंट तेवढे उरलेत. ते बघून पोटात कालवलं.

मेरिदा, गुरुवार

ती. अण्णा,

काल फोनवर तुम्ही विचारलंत, की बांधकाम किती टिकेल हे आधी कळतं का? कळतं, पण अंदाजानेच. मिठातलं क्लोराइड काँक्रीटमधून हळूहळू सळईपर्यंत पोचतं. तिथे ते ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की सळईवरचा संरक्षक थर तुटतो. गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. पोचायला लागणारा वेळ कव्हरच्या, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे नकाशात ७५ मिमी आणि जागेवर ५० भरलं, तर ५० वर्षांची जेमतेम २२ होतात! आमची सगळी गणितं या एका आकड्यापाशी येऊन अडतात, आणि तो आकडा संगणकावर नाही, सेंट्रिंगवर ठरतो.

नव्वदच्या दशकाअखेर प्रोग्रेसोच्या धक्क्याचे नमुने तपासले. साधी सळई केव्हाच गंजली असती एवढं क्लोराइड आत सापडलं, तरी या सळ्या शाबूत होत्या. तो धक्का बघताना मला सारखा मांडवीचा पूल आठवत होता. १९७० साली खुला झालेला पूल १९८६ च्या जुलैत कोसळला. आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. त्यानंतर फेरीबोटीने पणजी गाठायला लागायची, ते तुम्हीच सांगायचात.

गावच्या जेट्टीचं काम सुरू होतंय म्हणालात. काँक्रीट ओतायच्या आधी एकदा जाऊन याच. सळ्यांखाली कव्हर ब्लॉक आहेत का, की खडीचे तुकडेच सरकवलेत, ते वाकून बघा. टेप सोबत न्या. आणि पाणी किती दिवस मारणार, तेही मुकादमाला विचारा.

तुमची,
मीरा