आधी प्रश्न, मग सीटी

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रेडिऑलॉजी विभाग चालवणं म्हणजे यंत्रं चालवणं, असा समज बाहेर आहेच, पण रुग्णालयाच्या आतही आहे. सीटी किती स्लाइसचा, एमआरआय किती टेस्लाचा, सोनोग्राफीची तारीख किती दिवसांनंतरची मिळते, यावर विभागाची किंमत ठरते. बैठकीत मलाही हेच आकडे विचारतात आणि मी ते देते. पण विभाग सांभाळता सांभाळता माझं मत पक्कं होत गेलं ते असं, की तपासणीचं बरंवाईट यंत्राइतकंच, किंबहुना जास्तच, तपासणीच्या फॉर्मवर ठरतं. आणि नेमका तोच कागद सगळ्यात हलगर्जीपणे भरला जातो. वॉर्डातून येणाऱ्या फॉर्मवर नाव, वय, नोंदणी क्रमांक ठीक असतो. तपासणीच्या रकान्यात ‘सीटी अ‍ॅब्डोमेन’ आणि इतिहासाच्या ओळीवर ‘पेन इन अ‍ॅब्डोमेन’. पोट दुखतं म्हणूनच पोटाचा सीटी, यात नवीन माहिती काय? दुखणं कुठे, किती दिवसांचं, आधी ऑपरेशन झालं होतं का, क्रिएटिनिन किती, हे सगळं केसपेपरवर असतं आणि केसपेपर वॉर्डात असतो.

हे नुसतं कारकुनी दुखणं नाही. ‘पोटाचा सीटी’ नावाची एकच एक तपासणी मुळात नसतेच. मूतखडा शोधायचा असेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट न देता सीटी काढतात, कारण मूत्रमार्गात उतरलेलं कॉन्ट्रास्टही खड्यासारखंच पांढरं दिसतं आणि खडा त्यात बुडून जातो. यकृतातल्या गाठीची शंका असेल तर याच्या उलट: कॉन्ट्रास्ट दिल्यावर ते आधी धमन्यांत, मग पोर्टल शिरेत, आणि काही मिनिटांनी पुन्हा, असे वेगवेगळे टप्पे टिपावे लागतात. यकृताचा प्राथमिक कर्करोग बहुधा पहिल्या टप्प्यात उजळतो आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळा पडतो. एकच टप्पा घेतला तर ही खूण हातची जाते. आतड्यातला रक्तस्राव शोधायचा तर तोंडाने पांढरं औषध पाजून चालत नाही. यातलं काय करायचं हे पेशंट टेबलावर झोपायच्या आधी ठरवावं लागतं, आणि ठरवायला हातात असते ती एक ओळ. ती चुकली तर तपासणी पुन्हा करावी लागते. छातीच्या साध्या एक्स-रेचा किरणोत्सर्ग सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट, तर पोटाच्या सीटीचा त्याच्या कित्येक पट; टप्पे वाढले की तोही वाढतो. शिवाय मूत्रपिंडं आधीच थकलेली असतील तर कॉन्ट्रास्टचा दुसरा डोस विचार न करता देता येत नाही.

वाचतानाही तेच. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात पांढुरका डाग दिसला, एवढं यंत्र सांगतं. चार दिवस ताप आणि खोकला असेल तर तो न्यूमोनिया. काल मोटरसायकलवरून पडला असेल तर फुफ्फुसाला बसलेला मुका मार. ताप नाही, अँटिबायोटिकचा कोर्स संपला, तरी डाग महिनोन्‌महिने तसाच, तर कर्करोगाचा विचार करायलाच हवा. तिघांचं चित्र हुबेहूब सारखं असू शकतं. आपल्याकडे क्षयरोगाने तर आणखी गोंधळ घातलेला आहे. लहान आणि मोठं आतडं मिळतं तिथली जाड झालेली भिंत टीबीची, क्रोनची की गाठीची, हे नुसत्या चित्रावरून छातीठोकपणे सांगणाऱ्याचं मला कौतुक वाटत नाही, भीती वाटते.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे: इतिहास आधी वाचला की डोळे तेवढंच शोधतात. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला प्रयोग आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. फुफ्फुसातल्या बारीक गाठी शोधायला दिलेल्या सीटीत गोरिलाचं चित्र घातलं होतं, आणि २४ पैकी २० रेडिऑलॉजिस्टना ते दिसलं नाही. म्हणून मी निवासी डॉक्टरांना चित्र दोनदा पाहायला सांगते. एकदा फॉर्म पालथा घालून, मग फॉर्म वाचून. पण पालथा घालायलाही फॉर्म भरलेला हवा.

दुसरा आक्षेप वेळेचा. ओपीडीत रांग लागलेली, इंटर्न रात्रभर जागा, त्याने निबंध लिहायचा का? निबंध नको, दोन ओळी हव्यात. आणि सवड नाही हे कारण पूर्ण खरं नाही, याचा पुरावा आमच्याच विभागात आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला; १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्या कायद्याचा ‘फॉर्म एफ’ गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरावा लागतो आणि तो अर्धवट राहिला तर थेट गुन्ह्याची भाषा सुरू होते. त्या कायद्याच्या जाचाबद्दल माझ्या व्यवसायबंधूंच्या तक्रारी आहेत, काही रास्तही आहेत. पण गर्दी तीच, मनुष्यबळ तेच, आणि त्या फॉर्मचा रकाना सहसा कोरा राहत नाही. म्हणजे वेळ असतो, धाक नसतो.

मग कोरा फॉर्म परत पाठवावा का? नाही. त्यात हेलपाटा पेशंटला पडतो, लिहिणाऱ्याला नाही. डोक्याला मार, पक्षाघात, पोट फुटल्याची शंका, इथे फॉर्मसाठी एक मिनिटही थांबायचं नाही. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत साधारण साडेचार तासांची असते. बाकीच्यांसाठी निवासी डॉक्टरने वॉर्डात फोन करायचा आणि समोरच्याकडून प्रश्न काढून घ्यायचा. एमडीच्या तीन वर्षांत पुस्तकातून न येणारं बरंच काही त्या फोनवर येतं. कधीकधी बोलता बोलता ध्यानात येतं की सोनोग्राफीने भागेल, सीटी नकोच. तो वाचलेला सीटी कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही, म्हणून बैठकीत त्याचं श्रेयही मिळत नाही.

वाचकांना एकच विनंती. कुठलीही तपासणी लिहून दिली की ‘यातून काय शोधायचंय?’ एवढं डॉक्टरांना विचारा आणि ते फॉर्मवर लिहून घ्या. आणि जुन्या फिल्म, जुने रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद रद्दीत देऊ नका. येताना पिशवीत घालून घेऊन या.