एस. पी. रोडवर लॅपटॉप पाहताना

बेंगळूरला मॅजेस्टिकपासून मेट्रोचे दुसरे स्थानक म्हणजे कृष्णराजेंद्र मार्केट. तिथे उतरून फुलांचा आणि भाजीचा बाजार मागे टाकत टाऊन हॉलच्या दिशेने चालू लागले, की एस. पी. रोड लागतो. दोन्ही बाजूंना दुकाने, दुकानांवर दुकाने आणि जिन्याखाली उरलेल्या जागेतही एक दुकान! कुठे वायरींची भेंडोळी, कुठे कीबोर्डचे ढीग, तर कुठे वह्यांच्या गठ्ठ्यांसारखे रचलेले जुने लॅपटॉप. गल्ल्यावर बसलेला माणूस राजस्थानी असला तरी गिऱ्हाइकाशी झकास कन्नड बोलतो. मी तोंड उघडताच एकाने विचारले, “बेळगावी कडेयवरा, सर?” आपली कन्नड लपत नाही, हेच खरे.

खानापूरच्या माझ्या भाचीला यंदा बीसीएला प्रवेश मिळाला. भावोजींचे छोटे किराणा दुकान. रोज थोडे थोडे पिग्मीत टाकून त्यांनी पन्नास हजार रुपये जमवले होते. ते माझ्या हाती देताना म्हणाले, “तुम्ही कॉलेजात शिकवता, तुम्हाला कळतं. तीन वर्षं टिकला पाहिजे, एवढंच बघा.” म्हणून मी आणि भाची राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रीचे निघालो. खरे तर एका लॅपटॉपसाठी बेंगळूर गाठायची गरज नाही. बेळगावातही तो मिळतो आणि भावातला फरक प्रवासखर्चातच जिरतो. पण वीस-पंचवीस यंत्रे हातात घेऊन, उघडून, वजन तोलून पाहायची सोय या रस्त्यावर आहे.

पहिला मोह पडला तो जुन्या मालाचा. ‘आय फाइव्ह’, चकचकीत पुसलेला, फक्त अठरा हजार! पैसे वाचतील म्हणून भाचीचा जीव तिकडेच ओढ घेत होता. अशा वेळी ‘आय फाइव्ह’च्या पुढचा आकडा वाचावा. तिथे ६३०० असेल तर तो सहाव्या पिढीचा, ८२५० असेल तर आठव्या पिढीचा. विंडोज १० ची नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालते ते साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या इंटेल यंत्रांवर. समोरचे यंत्र सहाव्या पिढीचे निघाले. अठरा हजारांत तीन वर्षे काढण्याऐवजी वर्षभरात पुन्हा खर्चात पडण्याची ती वाट होती.

दुसरा मोह गेमिंग लॅपटॉपचा. कीबोर्डखाली रंगीत दिवे आणि पंख्याला मोठाली जाळी. भाचीने तो उचलला, पाठीवरच्या पिशवीत घातला आणि स्वतःच म्हणाली, “मामा, चार्जर धरून तीन किलो होईल की! खानापूरच्या बसमध्ये हा घेऊन उभी कशी राहू?” मुलीने लाखातले बोलले. जून २०२३ मध्ये शक्ती योजना सुरू झाल्यापासून बायका-मुलींचा प्रवास फुकट झाला, हे चांगलेच. पण सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते. तिथून पुढे आम्ही दीड किलोच्या आसपासचीच यंत्रे पाहिली.

विजेचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून “आठ तास चालेल हो” या तोंडी शब्दावर न जाता बॅटरी किती वॅट-अवरची आहे ते माहितीपत्रकात पाहिले. आकडा मोठा तेवढी साठवण जास्त.

राहिली रॅम. सोळा जीबी घ्यावी असे मलाही वाटत होते. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत आणि सोळावाले यंत्र पन्नास हजारांत बसेना. तेव्हा एक मधला मार्ग काढला. काही यंत्रांत रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. काहींत मात्र एक जागा रिकामी ठेवलेली असते. आठ जीबी आणि शेजारी रिकामी जागा असलेले यंत्र निवडले. पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगला आठ पुरते. भाव उतरले, की जागा भरता येईल. साठवणीला मात्र ५१२ जीबीची एसएसडीच घेतली.

पैसे देताना दुकानदाराने हळूच विचारले, “बिल बेका?” बिल नको म्हटले तर भाव उतरणार होता. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा रक्कम काही थोडीथोडकी नव्हे. भाची माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, “बेकु.” यंत्राचा क्रमांक घातलेले बिल हाती असले, की वॉरंटीसाठी भांडावे लागत नाही. दुरुस्तीची सोय बेळगावात आहे, याचीही कंपनीच्या ग्राहक सेवेला तिथूनच फोन करून खात्री केली. सगळे मिळून ४८,५०० रुपये झाले.

परतीच्या गाडीत भाचीने पिशवीतून लॅपटॉप काढलाच. तिला इनस्क्रिप्टचा कीबोर्ड दाखवला. विंडोजमध्ये तो फुकट असतो. ‘के’च्या कळीवर मराठीत क उमटतो आणि भाषा बदलली, की त्याच कळीवर कन्नडचा क. ‘एच’वर प, ‘जे’वर र, दोन्हीकडे तेच. घरी मराठी आणि शाळेत कन्नड शिकलेल्या आपल्या मुलांना एकदाच बोटे बसवून दोन्ही लिप्या लिहिता येतात. तिने आधी वडिलांच्या दुकानाचे नाव मराठीत लिहिले, मग कन्नडमध्ये. “पाटी अशीच करून घेऊया की,” म्हणाली. सकाळी ती खानापूरला उतरली, तेव्हा बॅटरी ६१ टक्के शिल्लक होती.