प्रमाणपत्र आणि हिशेब

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहून आता पंचवीस वर्षे होत आली. एवढ्या काळात प्रशिक्षण या शब्दाचा अर्थ माझ्या डोळ्यांदेखत पालटला. पूर्वी प्रशिक्षण म्हणजे प्रवास, वसतिगृह आणि खडूचा फळा. आता ते संगणकावर, कामाच्या खिडकीआड चालू असते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ला मान्यता दिली. ऑक्टोबर २०२४ मधील राष्ट्रीय शिक्षण सप्ताहात प्रत्येक कर्मचाऱ्याने किमान चार तास शिकावे, अशी अपेक्षा होती. या बदलाचा मी विरोधक नाही. का नाही, ते पुढे सांगतो. आधी एका फाइलीविषयी.

मी कार्यालयप्रमुख असताना आमचा एक तरुण सहकारी सेवेत असतानाच वारला. सेवा पाच वर्षांहून थोडी कमी, मूळ वेतन ३९,९०० रुपये. पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची टिपणी माझ्यापुढे आली. ३० टक्के दराने ११,९७० रुपये असा हिशेब होता. मी सही केली. काही आठवड्यांनी लेखा कार्यालयाकडून प्रकरण परत आले. वाढीव दरासाठी सात वर्षांच्या सेवेची जी जुनी अट होती, ती १ ऑक्टोबर २०१९ पासून उठली आहे. सेवेत मृत्यू आल्यास पहिली दहा वर्षे ५० टक्के द्यावे लागतात, म्हणजे १९,९५०. दरमहा ७,९८० रुपयांचा फरक, आणि त्यावरची महागाई सवलत वेगळी. तेवढे आठवडे ती बाई मुलाला घेऊन आमच्या बाकावर येऊन बसत होती.

हिशेब करणाऱ्या बाबूजींना बोलावले. निवृत्तिवेतन नियमांच्या ऑनलाइन पाठाचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे होते. ते खाली मान घालून म्हणाले, “साहेब, पाठ चालू ठेवला आणि डाक पाहत बसलो.” मी नंतर तो पाठ उघडून पाहिला. दुरुस्ती त्यात होती, अगदी स्पष्ट. रागावणार कोणावर? त्याच महिन्यात मीही एक पाठ आवाज बंद करून, सह्या करता करता ‘पूर्ण’ केला होता. आणि या टिपणीवरची सही तर माझीच होती.

तेव्हा मला दिल्लीतील सचिवालय प्रशिक्षण व व्यवस्थापन संस्थेतला एक तास आठवला. ही संस्था १९४८ पासूनची. आमच्या शिक्षकांनी व्याख्यान दिलेच नाही. प्रत्येकापुढे सेवापुस्तिकेची प्रत ठेवली, निवृत्तिवेतन काढायला लावले आणि कागद शेजाऱ्याकडे तपासायला दिला. विनावेतन रजेचे दिवस वजा करायला मी विसरलो होतो. शेजारच्या वयस्क गृहस्थांनी तेवढ्याच ओळीखाली लाल रेघ ओढली. ती रेघ मी आजही विसरलो नाही.

पण वर्गाचे गोडवे गाणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. वर्गाला पाठवले जाई कोणाला? ज्याच्यावाचून काही अडत नसे, त्याला! कामाच्या माणसाला ‘सोडता येत नाही’ हा शेरा ठरलेला. लहान मुलांच्या आया आपले नाव आपणच कापून घेत. ईशान्येकडील किंवा बेटांवरील लहान कार्यालयांत तर परिपत्रक पोहोचेपर्यंत तारीख उलटलेली असे. माझ्याकडची एक लघुलेखिका मूल झोपल्यावर घरी खरेदी नियमांचे पाठ पाहत असे. माझ्या निविदेच्या मसुद्यातली चूक तिने दाखवली, तेव्हा मी चकित झालो. एवढ्या वर्षांत तिला कुठल्याही वर्गाला कोणी धाडले नव्हते. माझ्या पाठिंब्याचे कारण हेच.

२०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने वेतनाच्या तरतुदीच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी राखायला सांगितले. पैशाचा विचार झाला. कामाच्या वेळेतला तास कोण राखणार? असो. आम्ही शुक्रवारी जेवणानंतर पाऊण तास दूरध्वनी उचलायचा नाही असे ठरवले. पाठ ज्याने त्याने आपल्या सवडीने पाहायचा. शुक्रवारी एक निकाली फाइल घ्यायची, नाव आणि आदेश झाकायचा आणि सर्वांनी कागदावर हिशेब करायचा. मीही. याचे प्रमाणपत्र नाही, म्हणून मासिक अहवालात ते कुठेच दिसत नाही.

त्या बाईंचा सुधारित आदेश निघाला, थकबाकीही मिळाली. पुढे एका शुक्रवारी बाबूजींनी स्वतःहून तीच फाइल पुढे ठेवली. सहा जणांपैकी दोघांचे उत्तर ११,९७० आले. बाबूजींनी काही न बोलता त्यांच्या कागदावर १ ऑक्टोबर २०१९ ही तारीख लिहिली. येत्या शुक्रवारी विनावेतन रजेचे प्रकरण घ्यायचे आहे.