नांदोमची पिटो

मी मंगळवेढ्याची. ज्वारी म्हटलं की भाकरी, हुरडा आणि उन्हाळ्यातली आंबील, एवढंच डोळ्यांसमोर यायचं. पाणीपुरवठ्याच्या कामासाठी घानाच्या उत्तरेला, अप्पर वेस्ट भागातल्या नांदोमला राहिले, तेव्हा ज्वारीचं आणखी एक रूप पाहायला मिळालं. आमच्या शेजारच्या अंगणात पिटो, म्हणजे ज्वारीची बिअर, व्हायची. ती करणाऱ्या बाई साठीच्या असतील. सगळे त्यांना आंटी म्हणत, मीही म्हणू लागले. तिथल्या डगारा लोकांत हा बायकांचा धंदा. मुलांच्या फिया, घरातलं तेल-मीठ यातूनच निघतं.

लाल ज्वारी भिजवायची, ओल्या पोत्यांखाली ठेवून मोड आणायचे, वाळवायची आणि भरडायची. तेव्हा हरमाटान, म्हणजे सहाराकडून येणारा कोरडा वारा सुटला होता. मोड कडकडीत वाळायचे.

खरी करामत त्यापुढे. आंटींनी भरड गार पाण्यात कालवली, त्यात भेंडीच्या देठांचा बुळबुळीत रस घातला. गाळ तळाशी बसला. वरचं निवळ पाणी त्यांनी अलगद काढून बाजूला ठेवलं आणि नुसता गाळ चुलीवर चढवला.

"आंटी, हे पाणी कशाला ठेवलंत?" मी विचारलं.

"त्याच्याशिवाय गोडी उतरत नाही, मुली."

शिजलेला गाळ जरा निवल्यावर ते पाणी परत त्यात गेलं. पिष्टाची साखर करणारी मोडांतली विकरं गार पाण्यात उतरलेली असतात. उकळलं तर ती मरतात, आणि न उकळता ज्वारीचं पिष्ट नीट फुलत नाही. म्हणून विकरं आधी काढून ठेवायची आणि पिष्ट शिजल्यावर परत घालायची. मी रसायनशास्त्र शिकलेली आहे. कुठल्या तरी आजी-पणजीने केवळ बघून, चाखून हा मार्ग काढला, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

रात्रभरात मिश्रण आंबूस होतं. मग ते गाळून रस तासन्तास उकळायचा. कोवळ्या ज्वारीतलं विष जनावराला बाधतं हे आपल्या शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. ज्या द्रव्यापासून ते विष तयार होतं, ते मोडांतही असतं. या लांबलचक उकळीत विष बरंचसं उडून जातं, म्हणून इथे घाई चालत नाही.

संध्याकाळी निवलेल्या रसात आधीच्या पिटोचं यीस्ट घालायचं, विरजण लावतात तसं. आंटींचं यीस्ट गवताच्या एका वेणीत होतं. पिटो आंबत असताना वेणी त्यात बुडवायची, वाळवायची आणि पुढच्या खेपेपर्यंत खुंटीला टांगायची. मी ती हातात घेतली तर बोटांना करडा भुगा लागला आणि पावाच्या भट्टीसारखा वास आला.

सकाळी पिटो तयार. सुक्या भोपळ्याच्या वाटीत ओतून आंटींनी आधी स्वतः घोट घेतला, मग वाटी माझ्या हातात दिली. देणाऱ्याने आधी प्यायचं, ही तिथली रीत. लालसर, फेसाळ, आधी गोड, मग आंबट, आणि मागाहून धुराची चव. अल्कोहोल जेमतेम 2 ते 3 टक्के. बाजाराच्या दिवशी तर ती हवीच, आणि मयतालाही हवी. चार थेंब जमिनीवर सांडून पूर्वजांना दिले जातात. उरलेला चोथा डुकरांना जातो.

आमच्या कामावरची काही माणसं या पेयाला गावठी म्हणून नाक मुरडायची आणि बाटलीतली बिअर मागवायची. मला ते अजिबात पटलं नाही. चिंता करायचीच तर सरपणाची करावी. उघड्या चुलीवरच्या त्या उकळीला लाकूड फार लागतं. बंदिस्त चुलींनी ते वाचतं, पण चूल बांधायचा खर्च या बायकांना झेपत नाही.

उत्तर घानात कामाला जाणाऱ्या मराठी माणसांना माझं एवढंच सांगणं आहे: पिटो करणारीच्या अंगणात बसून, घासाघीस न करता पिटो विकत घ्या आणि त्याच दिवशी प्या. ती टिकत नाही. आणि तुमच्या संस्थेकडे थोडा निधी असेल, तर आधी त्या चुलींना द्या.