फडाकडेचा नाताळ

"पोरांना सुट्टी कधीपासून लागतेय ते नीट सांग. अनारशाचे तांदूळ त्या हिशेबानं भिजत घालायचेत."

डिसेंबरचा पहिला आठवडा सरला की सासूबाईंचा हा फोन येतो आणि पुण्यातल्या आमच्या घरात नाताळ सुरू होतो. तांदूळ तीन दिवस भिजणार, रोज त्यांचं पाणी बदललं जाणार, मग ते निथळून, कुटून, गुळात मळून मुरायला ठेवले जाणार. या सगळ्याला नातवंडांचा हात लागलाच पाहिजे, असा आईंचा आग्रह. थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा. दोघं पोचेपर्यंत आई खसखशीचा डबासुद्धा उघडत नाहीत.

आमचं गाव राहुरी तालुक्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. घराणं चार-पाच पिढ्यांपासून ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केलं आणि पुढे जिल्ह्यातल्या गावोगावी लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांतलीच आमची एक. फराळ मात्र तोच, जो दिवाळीत शेजारी होतो. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, रव्याचे लाडू, अनारसे. दिवाळीत शेजारच्या घरांतून आलेली ताटं आई धुऊन फळीवर वेगळी ठेवतात आणि नाताळात ती भरून परत जातात. कुठलं ताट कुणाचं हे त्यांना तोंडपाठ असतं. ती पोचवायचं काम पोरांचं. वरून विणलेला रुमाल, दोन्ही हातांनी धरलेलं ताट, आणि दारात उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "आजीनं नाताळचं दिलंय."

पुण्यात डिसेंबर वेगळा असतो. सोसायटीत लाल टोप्या येतात, मॉलमध्ये कापसाचा बर्फ पसरतो, शाळेतून निरोप येतो की मुलांना लाल कपडे घालून पाठवा. पोरांना त्यात आनंद वाटतो आणि तो मी हिरावून घेत नाही. पण गेल्या वर्षी धाकट्यानं मला विचारलं होतं, "येशूबाळ बर्फात जन्मलं ना?" तेव्हाच मी ठरवलं, की नाताळची गोष्ट या मुलांना सजावटीच्या आधी भेटली पाहिजे, आणि ती गावातच भेटेल. कारण त्या गोष्टीत जे जे आहे ते गावात अजून वापरात आहे. गोठा आहे, मेंढरं आहेत, रात्रीची राखण आहे, थंडीत शेकोटी आहे, आणि घर सोडून लांबच्या गावी मुक्कामाला आलेली माणसं आहेत.

गावी पोचल्यावरचे पहिले दिवस स्वयंपाकघरात जातात. आई पोळपाटावर पुरी लाटतात, मी सारण भरून कड दाबते, आणि कातणं फिरवायचा मान धाकट्याचा. त्याचं कातणं सरळ कधी जात नाही, करंजीचं पोट फाटतं, सारण तेलात सांडतं, तेल काळं पडतं. आई एका शब्दानं बोलत नाहीत. फाटलेल्या करंज्या वेगळ्या काढून म्हणतात, "ह्या कॅरलवाल्यांच्या, त्यांना अंधारात दिसत नाही." थोरली चकलीच्या सोऱ्याला दोन्ही हातांनी लोंबकळते. लहान मुलांना बरोबर घेऊन केलेल्या फराळाला दुप्पट वेळ लागतो. संध्याकाळी पाठ मोडून येते, पोरं तेलकट हातांनीच झोपी जातात, आणि तरी मला हे दिवस वर्षातले सगळ्यांत भरलेले वाटतात.

ओसरीवर तोवर यांचं चांदणीचं काम चालू असतं. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ, आत एक दिवा. उंच बांबूला बांधून ती छपरावर चढवली की लांबच्या बांधावरूनही दिसते.

यंदा आमच्या घरामागच्या शेतात ऊसतोड चालू होती. बीडकडून आलेली टोळी बांधाच्या कडेनं उतरली होती. पाचटाच्या कोप्या, बैलगाड्या, बैलांपुढे टाकलेले हिरवे वाढे. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं एक कोयता म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही माणसं घर सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशाच एका कोपीत एक बाई बाळंत झाली होती. गावी नाही, इथं, फडावर आल्यानंतर. आईंना हे कळल्यापासून डिंकाचे लाडू आणि शेपूची भाजी तिकडे जात होती, आणि डबा घेऊन जायला आमची थोरली सोबत.

शब्बाथ शाळेच्या नाटकात यंदा थोरलीला मरीयेचं काम मिळालं होतं आणि धाकट्याला मेंढराचं. तालमीत थोरली बाहुलीला एका हातानं कमरेशी धरून उभी राहायची, जशी शाळेची पिशवी धरावी. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेल्यावर तिनं त्या बाळाला घ्यायचा हट्ट धरला. बाळंतिणीनं तिला खाली बसवलं, मांडी घालायला लावली आणि म्हणाली, "मान धर आधी लेकराची, मग उचल." मी कोपीच्या दाराशी उभी होते. आत एक पेटी, दोन गोधड्या, चुलीपाशी परात, आणि गाडीच्या दांडीला झोळी बांधलेली. माझी मुलगी श्वास रोखून त्या बाळाकडे पाहत होती. त्या संध्याकाळच्या तालमीत तिनं बाहुलीच्या मानेखाली हात घातला, आणि शिकवणाऱ्या ताई बोलता बोलता थांबल्या.

घरी येताना तिनं विचारलं, "तिला सुट्टी नाही का? तुला तर बाळ झाल्यावर सहा महिने सुट्टी होती." मी तिला खरं ते सांगितलं. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती कामातून फेडायची असते, आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात. तिला सगळं समजलं असं नाही. पण सात वर्षांच्या मुलीला खोटं सांगून नाताळ गोड करायचा नव्हता मला. ओली बाळंतीण पुन्हा फडात उभी राहते, हे माझ्या घरामागे घडतं आणि ते चूक आहे. मरीयेला जागा मिळाली नाही ही गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. त्या गोष्टीचा अर्थ मुलांना कळावा असं वाटत असेल, तर बांधावरच्या कोपीकडे पाहायला त्यांना मनाई कशी करायची?

तेवीस तारखेच्या रात्री कॅरल पार्टी निघाली. ढोलकी, पेटी, टाळ, खंजिरी, पुढे पाळकसाहेब, मागे तरुण पोरं आणि आमच्यासारख्या लेकुरवाळ्या बाया. कानटोप्या, स्वेटर, वरून शाल. नगरची डिसेंबरातली पहाट हाडं गोठवते. घराघरांत थांबायचं, दोन गीतं म्हणायची, प्रार्थना, चहा, फराळ, पुढचं घर. धाकटा तिसऱ्या घरापाशीच यांच्या खांद्यावर झोपला. थोरली मात्र टाळ वाजवत टक्क जागी होती.

आमच्या मंडळीत नाताळची गीतं भजनासारखी म्हणतात. याचं श्रेय ज्यांना आहे ते रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं राहुरीतच राहिले होते, त्यामुळे आईंच्या बोलण्यात ते दोघं घरच्या वडीलधाऱ्यांसारखे येतात. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्याआधी मंडळ्यांत परदेशी चालींवर बसवलेली गीतं जास्त चालत. टिळक ज्ञानोबा-तुकोबांच्या वाणीत मुरलेले होते. त्यांनी ख्रिस्ताची गाणी अभंगात, ओवीत, पदांत बांधली, टाळ-मृदंगावर म्हटली, कीर्तनं केली. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं काव्य अपुरं राहिलं. १९१९ मध्ये ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. मराठी शाळेतली मुलं टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात. आमच्यासाठी त्यांनी याहून मोठं एक काम करून ठेवलं आहे, ते मला यंदाच्या त्या पहाटे दिसलं.

चारच्या सुमाराला शेवटचं घर झालं आणि आम्ही परत निघालो. बांधापलीकडे कोप्यांमध्ये चुली पेटलेल्या दिसत होत्या. थोरलीनं पाळकसाहेबांचा हात ओढला. "त्या बाळाच्या घरी नाही जायचं?"

ते थांबले. आईंकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "विचारून बघू. नको म्हणाले तर मागं फिरू." आणि सगळी पार्टी बांधावर वळली.

बाया भाकरी थापत होत्या, पुरुष बैलांना पाणी दाखवत होते. तासाभरात त्यांना फडात पोचायचं होतं. पाळकसाहेबांनी हात जोडून विचारलं, गाणं म्हटलं तर चालेल का. एका कोपीपुढे बसलेली म्हातारी, गळ्यात तुळशीची माळ, म्हणाली, "म्हना की. देवाचंच हाय न्हवं?"

ढोलकी वाजली. जन्माचं एक गीत, सरळ अभंगाच्या चालीतलं. पहिलं कडवं आम्हीच म्हटलं. दुसऱ्या कडव्याला म्हातारीचे हात टाळीवर आले, तिसऱ्याला तिनं धृपद उचललं. शब्द तिच्या कानावर आयुष्यात पहिल्यांदा पडत असावेत, पण चाल तिच्या घरची होती. तिच्यामागून दोन-तीन बाया म्हणू लागल्या. थोरलीनं आपल्या हातातले टाळ तिला दिले, आणि म्हातारीनं ते असे वाजवले की आमच्या ढोलकीवाल्या पोराला लय वाढवावी लागली. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली ते नेवासं याच जिल्ह्यातलं, आमच्यापासून फार लांब नाही. त्याच मातीतला सूर घेऊन टिळकांनी आमची गाणी बांधली नसती, तर त्या पहाटे आम्ही गायलो असतो आणि ती माणसं पाहुण्यांचं ऐकावं तशी गप्प ऐकत राहिली असती.

गीत संपल्यावर म्हातारी म्हणाली, "आता आमचं ऐका," आणि झोळीतल्या नातवासाठी तिनं ओव्या म्हटल्या. पाळणा, मामाचं गाव, पंढरीची वाट, सगळं एकात एक गुंफलेलं. पाळकसाहेब टोपी काढून उभे होते. आमचा धाकटा मध्येच जागा झाला आणि यांच्या खांद्यावरूनच विचारलं, "हेच येशूबाळ का?" बाळंतीण हसली. आई त्याला म्हणाल्या, "हे पण देवाचंच आहे राजा." मी यावर आणखी काही जोडलं नाही. एवढंच त्याला पुरे होतं आणि मलाही.

निघताना एका गड्यानं हिरव्यागार वाढ्यांची पेंढी आमच्या गाडीत टाकली. वाढे विकून या लोकांना चार पैसे सुटतात, त्यामुळे आम्ही पैसे पुढे केले. त्यानं घेतले नाहीत. "लेकरांच्या गोठ्याला न्या," म्हणाला. नाटकाबद्दल थोरलीनं त्याला केव्हातरी सांगितलेलं असणार.

पंचवीसला सकाळची उपासना झाली, मग नाटक. गव्हाण खरीच होती, मंडळीतल्या एकांच्या गोठ्यातून धुऊन आणलेली, आणि तिच्यात ते वाढे. देवदूताचा एक पंख निखळला, योसेफ आपलं वाक्य विसरून आजीकडे पाहू लागला, तीन ज्ञानी लोकांपैकी एकानं ऊद मेंढपाळाच्या हातात देऊन टाकला. धाकट्यानं मात्र आपलं काम मन लावून केलं. त्यानं वाढ्याचं पान खरंच तोंडात घातलं आणि चावत बसला. थोरलीनं बाहुली उचलली, मानेखाली हात घालून, आणि तिथून पुढे मला नीटसं काही दिसलं नाही, डोळे भरून आले होते.

टोळीतलं कुणी नाटकाला येऊ शकलं नाही. कारखान्याला पंचवीस तारखेची सुट्टी नसते. तेव्हा दुपारी जेवणं आटोपल्यावर आम्हीच ताटं भरून फडावर गेलो. पोरांनी बांधावर बसून नाटक पहिल्यापासून करून दाखवलं, गाडीच्या चाकाला टेकून, मेंढरासकट. बाळंतीण कोयता खाली ठेवून पाहत होती. अनारसे तिला फार आवडले. कसे करतात ते तिनं आईंना विचारलं आणि आईंनी उसाच्या सरीत उभ्या उभ्या तांदूळ भिजवण्यापासून सगळी कृती सांगितली.

परतीच्या दिवशी मी सामान बांधत असताना आई पाटावर बसून वहीत लिहीत होत्या. नाताळ संपला की पुढच्या वर्षीच्या सामानाची यादी त्या लगेच करून ठेवतात. या वेळी रव्यापुढे आणि गुळापुढे आकडा वाढलेला होता. शिवाय खाली एक नवी ओळ होती: टाळ, दोन जोड, जास्तीचे.