डावा कोपरा

आमच्या कॉलेजच्या पोरींची कबड्डीची यंदाची सुरुवात काही बरी झाली नाही. पहिल्या चार सामन्यांत तीन हरल्या. एक जिंकल्या तो दोन गुणांनी, तेही समोरच्या संघातली चढाई करणारी चांगली पोरगी पाय मुरगळून बाहेर बसली म्हणून. मागली दोन वर्षं ह्याच कॉलेजच्या पोरी विद्यापीठाच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेल्या होत्या. त्यामुळं यंदाचं हरणं जरा जास्तच लागलं.

‘आमचं कॉलेज’ असं मी म्हणतो खरं, पण त्या कॉलेजात मी एक दिवसही शिकलेलो नाही. अकरावीची जुनी मॅट्रिक जाऊन दहावीची बोर्डाची परीक्षा 1975 साली सुरू झाली. मी 1977 साली त्या परीक्षेला बसलो आणि पास झालो. पुढं शिकायचं तर लातूर गाठावं लागत होतं, आणि घरी औत धरायला माणूस नव्हतं. हे कॉलेज निघालं तेव्हा माझी लेकरं शाळेत जात होती. त्याचं मैदान माझ्या बांधाला लागून आहे, एवढंच आमचं नातं. संध्याकाळी बैलं पाण्यावर नेली की मी बांधावरच्या बाभळीखाली बसतो आणि पोरींचा खेळ बघतो. बघता बघता दहा-बारा वर्षं झाली. कोणती पोरगी कोणत्या पायावर वळते, कुणाचा दम कधी तुटतो, हे मला त्यांच्या सरांइतकंच माहीत झालंय.

खेळ आमच्या रक्तातला. बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा-बारा वर्षांचा होतो. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायचे, आम्ही पोरं मजुरांना पाणी वाहायचो, सुकडी खायचो. पण रात्री चांदणं पडलं की मारुतीच्या पारापुढं हुतुतू रंगायचा. पोटात अन्न नसताना एवढा दम कुठून यायचा, ते आता आठवलं तरी नवल वाटतं. तेव्हा पोरीबाळी वाड्याच्या दारात उभ्या राहून बघायच्या. बघायलासुद्धा घाबरायच्या. आज त्यांच्या नाती चड्डी-बनियन घालून मैदानात उतरतात आणि मी बांधावर बसून बघतो. ह्यात मला काही वावगं वाटत नाही, उलट बरं वाटतं.

तर हरल्या कशानं? गावात चहाच्या टपरीवर ह्याचं एकच उत्तर आहे, नव्या सरांना जमत नाही. सरांना येऊन जेमतेम चार महिने झाले. पहिला सामना हरला तेव्हा लोक म्हणाले, सर कडक नाहीत. तिसरा हरला तेव्हा म्हणाले, सर फारच कडक आहेत. असल्या लोकांपुढं काय बोलायचं? पण मी चारही सामने उभ्यानं बघितलेत, तेव्हा मला जे दिसलं ते सांगतो.

लोकांना चढाई दिसते, मला पकड दिसते. कबड्डीत सात जणींपैकी दोघी दोन कोपऱ्यांत असतात. डावा कोपरा आणि उजवा कोपरा म्हणजे जुवाला जुंपलेली बैलजोडी. एकानं ओढ घेतली की दुसऱ्यानं घेतलीच पाहिजे. डाव्या कोपऱ्यातलीनं घोटा धरला आणि बाकीच्या अर्ध्या पावलानं उशिरा आल्या, तर चढाईवाली पोरगी घोट्यासकट मध्यरेषेला हात लावते. गुण तिचा, आणि आपली पोरगी बाहेर. आमच्या उजव्या कोपऱ्यातली पोरगी यंदा पदवी घेऊन गेली. वैशाखात तिचं लग्न झालं. चढाईत भरवशाची होती ती पुण्याला पोलीस भरतीच्या तयारीला गेली. डावा कोपरा तोच आहे, उजवीकडं नवी पोरगी. जुन्या बैलाशेजारी नवं खोंड जुंपलं की पहिले पंधरा दिवस तास वाकडंच जातं. त्यासाठी कुणी कासरा धरणाऱ्याला बदलत नाही.

दुसरी गोष्ट बोनसची. समोर सहा किंवा सात जणी मैदानात असतील तरच बोनस रेषा ओलांडल्याचा गुण मिळतो. आमच्या नव्या पोरी सुरुवातीला भिऊन रेषेपर्यंत जातच नव्हत्या. समोरच्या दोन-तीन बाद झाल्या, की मग ह्यांना धीर यायचा आणि बोनसला पाय टाकायच्या. पण तेव्हा बोनस मिळतच नाही. मिळत असताना घेतला नाही, आणि मिळत नसताना पकडीत सापडल्या. दुसऱ्या सामन्यात असंच होत होत सातही जणी बाद झाल्या, लोण बसला. लोणाचे दोन गुण वेगळे जातात, पण त्यापेक्षा मान खाली जाते ती वेगळीच.

तिसरी गोष्ट मातीची, आणि खरं दुखणं तिथंच आहे. आमचं मैदान मातीचं. खाली काळी जमीन, वर मुरूम टाकून चाळलेली माती आणि शेण घालून पोरींनीच चोपून केलेलं. महिलांचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असतं, एवढ्या जागेपुरतं ते बरं होतं. यंदा पोळा आला. त्याच्या मागंपुढं जो पाऊस झाला त्यानं आमच्या भागात उभी पिकं पाण्यात गेली. बैलांना धड मिरवताही आलं नाही. त्या पावसात मैदानावरचा मुरूम वाहून माझ्या बांधाला येऊन साचला. पुढं बारा-तेरा दिवस मैदानात पाऊल टाकलं की घोटाभर चिखल. सराव बंद.

आणि सामने मात्र मॅटवर. मातीवर खेळलेलं माणूस अनवाणी खेळतं, अंगठा रुतवून उभं राहतं, पडलं की घसरत जातं. मध्यरेषेपर्यंत घसरत जायचा अर्धा डाव तर मातीच शिकवते. मॅटवर बूट लागतात. तिथं पाय घसरत नाही, चिकटून बसतो. घसरायला गेलं की कातडी सोलून निघते, आणि पाय अडकून अंग वळलं की गुडघा जातो. पहिल्या सामन्यात आमच्या दोघी बाहेर आल्या तेव्हा कोपर सोललेलं होतं. ज्यांच्याकडं मॅट आहे त्या कॉलेजच्या पोरी रोज त्याच्यावर खेळतात. आमच्या पोरी वर्षातून सामन्याच्याच दिवशी मॅटला पाय लावतात.

पाऊस उघडला, मैदान वाळलं, तोवर सोयाबीन काढणीला आलं. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडं लग्नघाई. शेंग वाळून तडकायच्या आत काढायची, बनीम लावायची, ताडपत्री टाकायची, रास करायची. मजूर मिळत नाही, मिळाला तर उक्त्याचा भाव ऐकून शेतकऱ्यालाच चक्कर येते. मग घरची पोरगी घरीच राहते. ह्या संघातल्या बारा जणींपैकी नऊ शेतकऱ्याच्या नाहीतर मजुराच्या घरातल्या आहेत. दिवसभर वाकून सोयाबीन कापायचं, आणि संध्याकाळी येऊन पुन्हा वाकून घोटा धरायचा. कंबर लोखंडाची असली तरी किती पुरणार? तेव्हा हा संघ दरवर्षी सुरुवातीला थोडा लंगडतोच. यंदा पावसानं जास्त लंगडला, इतकंच.

टपरीवर हे सगळं सांगितलं, तर एक जण म्हणाला, “तात्या, कारणं तर रड्याला बी सापडत्यात.” मी म्हणलं, “बाबा, मागचं आठव.” 2023 साली चीनमधल्या हांगझोउला आशियाई खेळ झाले. आपल्या देशाच्या महिला संघाचा पहिला सामना चायनीज तैपेईशी होता. जो देश कबड्डी आपल्याकडं बघून शिकला, त्याच्याशी 34-34 अशी बरोबरी झाली. त्याच्या आधी 2018 ला जाकार्तात इराणनं अंतिम सामन्यात हरवलेलं होतंच. तेव्हाही लोक म्हणाले, संपलं आता. आणि पाचच दिवसांनी त्याच तैपेईला अंतिम सामन्यात 26-25 असं एका गुणानं हरवून पोरींनी सोनं आणलं. आपल्या पुण्याची स्नेहल शिंदे त्या संघात होती. पहिल्या दिवशी त्यांना घरी बोलावून घेतलं असतं, तर ते सोनं कुणी आणलं असतं?

घरी बोलावण्याचं मी उगीच म्हणत नाही. माझी सगळी काळजी तीच आहे. डाव्या कोपऱ्यात खेळते ती माझ्या पुतण्याची पोरगी, माझी चुलत नात. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुतण्या वाईट माणूस नाही. तीन एकर कोरडवाहू, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, पाठीवर आणखी एक पोरगी. दोन वर्षं पोरगी जिंकून यायची, पेपरात फोटो यायचा, तर तो फोटो खिशात घालून हिंडायचा. यंदा तिसरा सामना हरला त्या रात्री तो माझ्याकडं आला. उदगीरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत आहे म्हणे.

“काका, तुळशीचं लग्न झालं की उरकून टाकावं म्हणायलो,” तो म्हणाला. “पोरगी तिकडं उड्या मारायली अन् इकडं बनीम भिजायली. जिंकायल्या असत्या तर गोष्ट येगळी होती.”

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. पोराच्या खेळाला असली अट कुणी घालत नाही. पोरगा हरला तर लोक म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. पोरगी हरली तर म्हणतात, बस झालं. म्हणून पोरींच्या संघाला सुरुवातीचे सामने जड जातात. हरल्यावर त्यांचे नुसते गुण जात नाहीत, एकेका घरातलं दार बंद व्हायला लागतं. ह्या संघात आणखी दोघींच्या घरी असंच चाललंय, हे मला नंतर कळलं.

मी त्याला म्हणलं, “यंदा सरकारनं सोयाबीनला हमीभाव सांगितलाय. बाजारात तेवढा मिळायलाय का?”

“कुठला मिळतोय.”

“मग पुढल्या वर्षी पेरायचं बंद करणार हाईस का?”

तो गप्प बसला. मग मी त्याला नोकरीचं सांगितलं. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. पण त्यासाठी तालुक्यातली ढाल चालत नाही. वरच्या पातळीवर खेळावं लागतं, तिथं क्रमांक लागतो, त्याचं प्रमाणपत्र लागतं. पोरगी आता एकोणीस वर्षांची आहे. ह्या दोन वर्षांत विद्यापीठाच्या संघात निवडली गेली तर पुढं राज्याचं दार दिसेल. आत्ता उठवली तर भाकरीच थापायची आहे, ती तर कधीही थापता येते. पोलीस होईलच असं मी म्हणलो नाही. शेतकऱ्यानं शेतकऱ्याला खात्री देऊ नये. पेरायची वेळ निघून चाललीय, एवढंच सांगितलं.

तरी तो हो म्हणेना. तेवढ्यात त्याची बायको, दारात उभी राहून सगळं ऐकत होती, ती म्हणाली, “मामंजी, पोरगी खेळून आली की दोन भाकरी जास्त खाती, अन् दुसऱ्या दिवशी दोन सऱ्या जास्त काढती. हरली म्हणून मला तर कुठं काय कमी झाल्यालं दिसंना.” एवढं बोलून ती आत गेली. मी तासभर बोललो त्यापेक्षा ह्या दोन वाक्यांचं वजन जास्त पडलं. पुतण्या उठता उठता म्हणाला, “बरं, दिवाळीपस्तोर बघू.”

दिवाळीपर्यंत म्हणजे तीन आठवडे. तेवढ्यात काय होईल ते करायचं ठरवलं. बांधाला साचलेला मुरूम माझाच समजून मी दोन ट्रॉल्या भरून परत मैदानावर टाकला, पोरींनी तो पसरला. सरांना जाऊन भेटलो आणि म्हणलं, काढणी उरकेपर्यंत संध्याकाळऐवजी पहाटे सराव घ्या. संध्याकाळी पोरीच्या अंगात काही उरत नाही. सर ऐकणारे निघाले. आता पहाटे साडेपाचला मैदानात पोरींचा आवाज येतो आणि सात वाजता त्या आपापल्या शेतात असतात. माझी रास झाली, तेव्हा माझा गडी चार दिवस पुतण्याच्या वावरात लावून दिला.

नातीला मी एकच विचारलं, “भ्या वाटतं का गं?”

ती म्हणाली, “आबा, हरायचं भ्या वाटत नाही. उजवीकडची अजून उशिरा येतीय, तेवढं जमलं पाहिजे.”

पोरीला घरात काय चाललंय ते सगळं माहीत आहे. तरी तिनं स्थळाचं नाव काढलं नाही, कोपऱ्याचंच बोलली. खेळाडू असाच असतो.

काल पहाटे मी बघितलं. तिनं घोटा धरला आणि उजवीकडची त्याच क्षणाला आली. चढाई करणारी पोरगी जागच्या जागी बसली. सर शिट्टी वाजवायचं विसरले. एकदाच झालं, त्यानंतर दोनदा पुन्हा उशीर झाला. पण एकदा जमलं म्हणजे जमतं.

पुढचा सामना दसऱ्यानंतरच्या मंगळवारी आहे, मॅटवरच. टपरीवरच्या मंडळींना मी सांगून ठेवलंय, यायचं असेल तर माझ्या टेंपोत जागा आहे. मात्र पहिल्या पाच मिनिटांत सरांना शिव्या घालणारा तिथून चालत परत येईल. पुतण्याही येतो म्हणालाय. त्याची बनीम तोवर झाकून झालेली असेल.