तिसरी गिटार

आमच्या इंदूरच्या घरात आईचा तानपुरा आणि माझ्या दोन इलेक्ट्रिक गिटार: स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर. दोन्हींची स्केल 25.5 इंच, पिकअप सिंगल-कॉइल. आवाज मोकळा, पण गणपतीच्या मांडवात रोषणाईजवळ घूं-घूं सुरू. त्यात साठीनंतर बोटं आखडली. मींडेसाठी तार ओढवत नाही.

म्हणून तिसरी एसजी ठरवली. स्केल 24.75 इंच, त्यामुळे तेवढ्याच जाडीची तार त्याच सुराला जरा सैल राहते. पिकअप हंबकर, प्रत्येकात एकमेकींच्या उलट दोन कॉइल, घूं-घूं जवळजवळ गायब. लेस पॉलही चालली असती, पण खांद्याला जड.

आई म्हणाली, "आणखी एक कशाला रे?"

म्हटलं, "हात थांबू नये म्हणून गं."

तुमच्याकडे कोणी असं वाजवणं टिकवलंय? जरूर लिहा.